सतरंजीवर बोलू तेच फोनवर लिहू

रानातून नुकत्याच घरी आलेल्या, डेअरीला दूध घालून परतलेल्या, भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या ताया, काकू, आज्या आणि गटात नव्यानेच आलेल्या सुना, सगळ्यांना आमचा रामराम.

आज बचतीवर किंवा बँकेच्या कर्जावर बोलायचं नाही. आज हातातल्या फोनवर बोलू. फोन कसा चालवायचा हे आता कुणाला शिकवावं लागत नाही. साठीच्या आजीसुद्धा नातवाला व्हिडिओ कॉल लावतात. पण फोनवर एकमेकींशी वागायचं कसं, हे कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. त्यामुळे होतं काय, बैठकीत गुण्यागोविंदाने बसणाऱ्या बाया व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर भांडतात, रुसतात, आणि मग बैठकीलाही यायच्या थांबतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाची गोष्ट आधी सांगतो. नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की गावात कुणी आईबहिणीवरून शिवी दिली तर त्याला पाचशे रुपये दंड. सरपंच शरद आरगडे यांनी ठराव मांडला आणि ग्रामसभेने मान्य केला. भांडण बांधावरचं, दोन पुरुषांचं. त्यात घरात बसलेल्या आईचा आणि बहिणीचा काय संबंध? पण शिवीत नाव त्यांचंच येतं. ही रीत आपल्या गावात नको, असं त्या गावाने ठरवलं. शाळकरी मुलांनी संध्याकाळी सात ते नऊ, अभ्यासाच्या वेळेला, मोबाईल हातात घ्यायचा नाही, असंही त्याच गावाने ठरवलं.

तोंडातल्या शब्दाला एका गावाने नियम लावला. मग फोनवरच्या शब्दाला नियम कुणी लावायचा? आमचं म्हणणं असं की तो आपणच लावायचा, आपल्या बैठकीत, सतरंजीवर बसून. नियम आपल्याला नवे नाहीत. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब, ही पंचसूत्री आपल्याला झोपेतही पाठ आहे. तिच्या जोरावर तर गट उभे राहिले.

आता सतरंजीवरचं बोलणं आणि फोनवरचं बोलणं यात फरक काय, ते बघू.

सतरंजीवर आपण दहा-बाराजणी असतो. बोलताना समोरचीचं तोंड दिसतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की आपला आवाज आपोआप खाली येतो. फोनवर तोंड दिसत नाही. दुसरं, बैठकीत रागाने बोललेला शब्द वाऱ्यावर जातो, चहा प्यायला की विसरला जातो. फोनवर लिहिलेला शब्द तिथेच राहतो, चार दिवसांनी उघडला तरी तितकाच टोचतो. तिसरं, सतरंजीवरचं बोलणं दाराबाहेर गेलं तर कुणी नेलं ते कळतं. फोनवरचं बोलणं एका बोटाने दुसऱ्या गावाला जातं आणि कुणी पाठवलं याचा पत्ता लागत नाही.

आणि चौथा फरक खास आपल्या घरांतला आहे. ग्रुपमध्ये नाव ताईचं असतं, पण फोन कुणाच्या खिशात असतो? कितीतरी घरांत तो मुलाकडे, नवऱ्याकडे नाहीतर दिराकडे असतो. आपण समजतो की आपण वीसजणींशी बोलतोय. खरं तर आपण वीस घरांशी बोलत असतो.

याने काय होतं, ते आमच्या पाहण्यातल्या एका गटात घडलं. एका ताईने शेळ्यांसाठी गटातून वीस हजार रुपये घेतले होते. पावसाळ्यात दोन शेळ्या दगावल्या आणि दोन हप्ते चुकले. तिने ते बैठकीत सांगितलं होतं. गटाने दोन महिन्यांची सवलतही दिली होती, रजिस्टरला तशी नोंद होती. पण कुणीतरी थकबाकीच्या पानाचा फोटो काढला आणि गावच्या मोठ्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'घेताना गोड, देताना कडू.' त्या ग्रुपमध्ये सगळ्या गटांच्या मिळून दीडशेच्या आसपास बाया. सवलतीची नोंद पुढच्या पानावर होती, ती फोटोत आलीच नाही. ताईचा फोन दिराकडे असायचा. त्याने तो फोटो आधी पाहिला, मग चहाच्या टपरीवर चारजणांनी पाहिला, आणि सगळ्यात शेवटी ताईला कळलं.

दोन महिन्यांनी तिचे पैसे आले, व्याजासकट आले, दुसऱ्या बाईच्या हाती. ती मात्र आली नाही. गटातल्या दोघी तिच्या घरी जाऊन आल्या, एकदा, मग पुन्हा एकदा. तिने चहा केला, हसून बोलली. बैठकीला अजून आलेली नाही.

मैत्रिणींनो, गटाचा एक पैसाही बुडाला नाही. बुडाला तो विश्वास. गट काय पैशाच्या पेटीवर चालतो होय? अडचण आली तर मी इथे सांगू शकते, इथून ती बाहेर जाणार नाही, या भरवशावर तो चालतो. म्हणून आमचा पहिला आग्रह हा, की कर्ज, हप्ता, थकबाकी, कुणाचं आजारपण, कुणाच्या घरातलं भांडण, यातलं काहीही ग्रुपवर लिहायचं नाही. थकबाकीचं बोलायचं ते बैठकीत, नाहीतर तिच्या घरी जाऊन तिच्याशीच. रजिस्टरच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. हप्त्याची आठवण द्यायची असेल तर 'पाच तारीख जवळ आली, सगळ्यांनी हप्ता तयार ठेवा' एवढं पुरतं. नाव कशाला?

आता रोजच्या कटकटीकडे येऊ. या लहान वाटतात, पण त्यांच्यामुळेच कामाची गोष्ट बुडते.

पहिली कटकट सकाळच्या फुलांची. सूर्य उगवतो, कमळ उमलतं, वाफाळता चहा येतो, खाली सुविचार. पाठवणारीचं मन चांगलंच असतं. पण वीस बायांनी वीस फुलं पाठवली की 'उद्या बैठक अकरा वाजता' हा निरोप खाली दबतो आणि बाई दोन वाजता येऊन विचारते, बैठक कधी? २०१८ साली तर बातमी आली होती की भारतातले फोन भरून बंद का पडतात, याचा शोध गूगलच्या लोकांनी घेतला, तेव्हा कारण निघालं या शुभ सकाळच्या चित्रांचं. ज्या बाईकडे मुलाचा जुना फोन आहे, तिच्या फोनात तेवढी जागाच नसते. फूल द्यायचंच असेल तर गजऱ्याचं द्या, बैठकीत द्या.

दुसरी कटकट वेळेची. रात्री साडेदहाला ग्रुपवर टिंग वाजतं. घरात प्रश्न येतो, एवढ्या रात्री कुणाचा मेसेज? उत्तर साधं असतं, पण ते देता देता बाईला नको होतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावला २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद ठेवायला सुरुवात झाली, मुलांच्या अभ्यासासाठी. एक गाव दीड तास फोन ठेवू शकतं, तर आपण रात्री आठनंतर ग्रुपवर काही टाकणार नाही, एवढं ठरवायला काय हरकत आहे? कुणी आजारी पडलं, कुठे अपघात झाला, तर सरळ फोन लावावा.

तिसरी कटकट लांबलचक बोलून पाठवायच्या निरोपाची. ज्या तायांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी बोलका मेसेज हे वरदान आहे, तो बंद करायचा नाही. उलट महत्त्वाचा निरोप लिहून आणि बोलून, दोन्ही प्रकारे पाठवावा. फक्त आधी काम सांगावं, मग खुशाली. अर्ध्या मिनिटात निरोप संपावा.

चौथी, विचारल्याशिवाय ग्रुपमध्ये ओढण्याची. कुणी साड्या विकतं, कुणी निवडणुकीचा प्रचार करतं, आणि आपला नंबर तिथे जाऊन बसतो. यावर इलाज आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, आणि तिथे 'माय काँटॅक्ट्स' निवडा. मग ओळखीच्यांशिवाय कुणी तुम्हाला ग्रुपमध्ये घेऊ शकत नाही. आणि नको असलेल्या ग्रुपमधून बाहेर पडायला लाजू नका. आता बाहेर पडलं की ते फक्त अ‍ॅडमिनला कळतं, सगळ्यांना वर्दी जात नाही.

या झाल्या कटकटी. आता जी गोष्ट जिवावर येते, ती सांगायला हवी.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे भिक्षा मागायला आली होती. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारा हा समाज. आपल्याही दारात ही माणसं येतात, आपण सुपातून पसाभर धान्य घालतो. त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरत होते की मुलं पळवणारी टोळी आली आहे. त्या पाचांतल्या कुणीतरी एका लहान मुलीशी बोलताना दिसलं, आणि संशय पेटला. लोकांनी त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे पाचही जणांचा जीव घेतला.

टोळी नव्हतीच. मेसेज खोटा होता. तो कुणी पहिल्यांदा लिहिला माहीत नाही, पण पुढे ढकलणारी हजारो बोटं होती. त्यातली कितीतरी बोटं आयांची असतील. 'लेकरं सांभाळा गं बायांनो' असं म्हणून मायेपोटीच पुढे पाठवलं असेल. माया खरी होती, बातमी खोटी होती, आणि मंगळवेढ्याकडच्या घरांतल्या बायका विधवा झाल्या.

आपल्याकडे 'ध चा मा' म्हणतात ना? नारायणराव पेशव्यांच्या खुनाची ती दंतकथा. 'धरावे' मधलं एक अक्षर बदललं, 'मारावे' झालं. तेव्हा अक्षर बदलायला राजवाड्यातला हात लागला, असं कथा सांगते. आज कुणाचंही बोट पुरतं.

म्हणून मेसेज पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा. वर बाण आहेत का? एक बाण म्हणजे तो कुणाकडून तरी ढकलत आलाय. दोन बाण म्हणजे तो पुष्कळ हातांतून फिरलाय. राईनपाड्यानंतर, त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल असं केलं, आणि २०२० पासून दोन बाणवाला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. कंपनीलाही बांध घालावा लागला, तो उगीच नाही. दुसरं, त्यात गावाचं, तारखेचं, माणसाचं नाव आहे का? 'आपल्या भागात', 'काल रात्री', एवढंच असेल तर तो कुठल्याही भागाचा आणि कुठल्याही रात्रीचा असू शकतो. तिसरं, 'दहाजणांना पाठवा', 'लगेच पाठवा' असं आहे का? खरी बातमी घाई करत नाही. मुलांबद्दल खरंच शंका आली तर ११२ वर फोन करा, पोलीस पाटलांना सांगा. ग्रुपवर टाकून कुठलंही मूल वाचत नाही.

हीच पारख योजनांच्या लिंकला लावा. लाडकी बहीण योजनेचा हप्ता, घरकुल, मोफत शिलाई मशीन, नाव कुठलंही असो. केंद्राच्या नावाने फिरणाऱ्या मोफत शिलाई मशीनच्या मेसेजला पीआयबी या सरकारी माहिती संस्थेने खोटं ठरवलेलं आहे, तरी तो दर वर्षी नवा होऊन येतो. लिंक दाबली, आधार नंबर घातला, ओटीपी सांगितला, की बचत खात्यातले पैसे गेले. योजनेची चौकशी अंगणवाडी ताईंकडे, ग्रामपंचायतीत किंवा आपल्या सीआरपी ताईंकडे करा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. त्याच तासाला १९३० या नंबरवर फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडवायची आशा जास्त.

आता फोटोचं. कार्यक्रम झाला की फोटो पाठवा, असा वरून निरोप येतो. पाठवावेत, काम दिसायलाच हवं. पण टिपायच्या आधी विचारा, 'ताई, फोटो काढू का? ग्रुपवर टाकू का?' कुणी बाई माहेरी सांगून आलेली असते, कुणी नुकतीच दुःखातून उठलेली असते, कुणाला नुसतंच आवडत नाही. नको म्हटलं की विषय संपला. आरोग्य शिबिरातले, मदत घेतानाचे, रडतानाचे फोटो तर नकोतच. आणि कुणी अनोळखी माणूस फोटो पाहून नंबर शोधून सारखे मेसेज करत असेल, तर त्यात बाईचा काही दोष नाही. नको म्हणूनही फोनवरून मागे लागणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. मेसेज पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि गटातल्या एखादीला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जा.

हे सगळं ऐकून एखादी म्हणेल, नकोच तो फोन! तसं आमचं मुळीच म्हणणं नाही. आपल्या नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमनताई धामणे बघा. 'आपली आजी' या नावाने त्यांनी आणि त्यांच्या नातवाने यूट्यूबवर स्वयंपाक दाखवायला सुरुवात केली, तेव्हा त्या सत्तरीच्या घरात होत्या. कॅमेरा कशाशी खातात हे माहीत नव्हतं. कारल्याच्या भाजीचा त्यांचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. २०२० च्या ऑक्टोबरात कुणीतरी त्यांचा चॅनलच चोरला, आणि काही दिवसांत तो परतही मिळाला. आजींनी चूल विझवली नाही, पुढची भाजी फोडणीला टाकली. आपल्या गटाच्या पापड-लोणच्याला, शेवयांना, गोधड्यांना गिऱ्हाईक याच फोनवरून मिळतं. तिथे कुणी वाईट लिहिलं तर भांडत बसू नका. मालाबद्दल तक्रार असेल तर नम्र उत्तर द्या, नुसती खोड काढत असेल तर ब्लॉक करा.

राहता राहिली अ‍ॅडमिन ताई. पुष्कळजणी म्हणतात, मला अ‍ॅडमिन नको, कुणी काही टाकलं तर पोलीस मला धरतील. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याने टाकलेल्या वाईट मेसेजसाठी अ‍ॅडमिनला केवळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही. तिचा त्यात आधीच ठरवलेला सहभाग नसला पाहिजे. तेव्हा घाबरू नका. पण कायद्याने सुटलो म्हणजे काम संपलं असंही नाही. अ‍ॅडमिनला ग्रुपवरचा कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. कुणाची अब्रू जाणारं काही दिसलं की आधी ते पुसावं, मग टाकणारीला फोन करून समजवावं. तिलाही चारचौघींत बोलू नये. तिचंही घर तो फोन वाचतं.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हा विषय घ्या. फोनची पंचसूत्री आम्ही अशी सुचवतो. एक, कर्जाचं आणि घरचं ग्रुपवर नाही. दोन, कामाचाच निरोप आणि रात्री आठच्या आत. तीन, खात्री नाही ते पुढे नाही. चार, विचारल्याशिवाय फोटो नाही. पाच, रुसवा-भांडण फोनवर नाही, समोरासमोर. तुमच्या गटाला यात काही वाढवायचं, कमी करायचं असेल तर करा. पण नुसतं बोलून सोडू नका. रजिस्टरमध्ये ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. ज्या ताईचा फोन घरातल्या दुसऱ्याकडे असतो, तिने ठराव घरी वाचून दाखवा म्हणजे घरालाही नियम कळेल.

आणि तुमच्या गटातही अशी कुणी बाई असेल, जी एखाद्या मेसेजपासून बैठकीला यायची थांबली आहे, तर तिला मेसेज करू नका. तिच्या घरी जा. सतरंजीवरची तिची जागा मोकळी आहे, हे तिला तुमच्या तोंडून कळू द्या.

रामराम मैत्रिणींनो. पुढच्या वेळी पुन्हा भेटू.